ऑपरेटरकाका

काकांच्या छातीतून आवाज यायचा. टिक, टिक, टिक. मनगटी घड्याळ कानाला लावल्यावर येतो तसा, फक्त थोडा जाड. बाजारात, एस.टी.त, पंखा चालू असताना तो कुणाला कळायचा नाही. पण पेणच्या आमच्या कॉम्प्युटर क्लासमध्ये पहिल्या लेखी परीक्षेच्या दिवशी लाइट गेली, पंखा थांबला आणि त्या शांततेत तो आवाज सगळ्यांना ऐकू आला. म्हात्रे सरांनी मान वर करून विचारलं, "कुणाचं घड्याळ वाजतंय? काढून ठेवा ते." शेवटच्या बाकावरून चाळिशीकडे झुकलेला, बारीक अंगाचा एक माणूस उभा राहिला आणि शाळेतल्या मुलासारखा हात बांधून म्हणाला, "सर, माझं हाय. पन काढून ठेवता येत नाय. आत बसवलंय."

आम्ही हसलो. मग त्यांनी शर्टाची वरची दोन बटणं सोडली, आणि गळ्याखालून सरळ खाली गेलेला, दोरी चिकटवल्यासारखा व्रण दिसला. आमचं हसू जागीच थांबलं. काका मात्र निवांत होते. "हृदयाची झडप खराब झाली होती. लोखंडी टाकलीय," एवढं सांगून त्यांनी बटणं लावली आणि खाली बसून पुन्हा पेपर लिहायला लागले.

वर्गात आम्ही सगळी विशीतली. कुणी बी.कॉम., कुणी बारावी होऊन घरी बसलेलं. मी बी.एस्सी. करून आलेली. ते एकटेच संसारी, म्हणून काका. त्यात पहिल्या दिवशी ओळख करून देताना ते म्हणाले होते, "मी ऑपरेटर." सर खूश झाले. "अरे वा! कुठल्या मशीनवर?" काका म्हणाले, "रिॲक्टरवर. धाटावला, केमिकल कंपनीत. सतरा वर्षं." तेव्हापासून ते ऑपरेटरकाका झाले. सरसुद्धा त्यांना तसंच म्हणत.

त्यांचं मूळ गाव धरमतरच्या खाडीकाठचं. वडील मिठागरावर होते. लहानपणी एकदा काकांना ताप आला, गुडघे आणि घोटे सुजले, महिनाभर पडून होते. मग ताप गेला, सूज गेली आणि सगळे ते विसरले. त्या तापाने जाताना हृदयाची झडप कुरतडून ठेवली होती, हे कळायला छत्तिसावं वर्ष उजाडावं लागलं. तोवर काका आय.टी.आय. झाले, रोह्याच्या धाटावला नोकरीला लागले, लग्न केलं, रोह्यात खोली घेतली. रिॲक्टर तिसऱ्या मजल्यावर. एका शिफ्टला अकरा वेळा जिना चढतो, असं ते मोठ्या दिमाखात सांगायचे. एक दिवस नवव्या खेपेला दुसऱ्या मजल्यावर त्यांचा श्वास अडकला. "मला वाटला, ग्यास लागला," ते म्हणायचे. "खाली बघितला तर बाकी सगळे उभे. मीच एकटा बसलेला."

मुंबईला ऑपरेशन झालं. सहा महिन्यांनी ते डॉक्टरची चिठ्ठी घेऊन कंपनीत गेले. चिठ्ठीवर लिहिलं होतं, जिना नको, वजन नको, रात्रपाळी नको. त्यांच्यासाठी बसून करायचं काम शोधत एक साहेब अख्खा प्लान्ट फिरला, पण जिथे जिथे खुर्ची होती तिथे आधीच कुणीतरी बसलेलं होतं. शेवटी काकांनी स्वतःच राजीनामा लिहिला. ही गोष्ट सांगताना ते कंपनीला कधी नावं ठेवत नसत. त्या साहेबाचं मात्र कौतुक करत, "बिचारा माझ्यासाठी उन्हातून फिरला."

कॉम्प्युटरच का, असं मी त्यांना एकदा विचारलं. त्यांनी सांगितलं, शेवटच्या वर्षी प्लान्टच्या कंट्रोल रूममध्ये कॉम्प्युटर आला. तो बसवायला पुण्याहून एक माणूस आला होता. दोन दिवस तो खुर्चीत बसून टाइप करत राहिला, आणि ज्या व्हॉल्व्हांसाठी काका जिना चढायचे त्यांतला एक खाली बसल्या बसल्या उघडायला-मिटायला लागला. "हॉस्पिटलात पडल्या पडल्या मला दुसरं कोन दिसत नव्हतं," काका म्हणाले. "देव नाय, आई नाय. तो पुण्याचा माणूसच दिसायचा. खुर्चीत बसलेला. मी बोललो, जगलो तर ह्येच करीन."

आणि नशीब असं, की म्हात्रे सरांचा क्लास कापडाच्या दुकानावर, माडीवर. जिना उभा, लाकडी. काका सातव्या पायरीवर रोज बसायचे. आम्ही मागून येणारे थांबायचो, तर ते भिंतीला अंग चोरून वाट द्यायचे. रोह्याहून एस.टी.ने येणार, वडखळला गाडी ट्रकांमागे अडकून पडणार, तरी ते आमच्या आधी पोचलेले असत. रामवाडीहून चालत येणारी मीच उशिरा पोचायचे.

इंग्रजी त्यांना जड जायचं. टायपिंग एका बोटाचं. स्क्रीनवर चूक दाखवणारा मजकूर आला की आम्ही पोरं घाबरून सगळं पुसून टाकायचो आणि पहिल्यापासून सुरू करायचो. काका त्या मजकुराला अलार्म म्हणत. "अलार्म आला म्हनून पळायचं नाय. कुठून आला त्ये बघायचं. पळणारा माणूस प्लान्ट उडवतो." मग ते खिशातली छोटी डिक्शनरी काढून एकेक शब्द लावत बसायचे. अर्धा तास गेला तरी चालेल, पण चूक सापडल्याशिवाय पुढे जायचं नाही. सर सांगायचे, वर्गात खरं प्रोग्रामिंग एकालाच येतंय, बाकीचे पाठ करताहेत.

पाठ करणाऱ्यांत मी पहिली होते. परीक्षेत मार्क पडायचे, पण लूप म्हणजे काय, हे मला आतून कळलेलं नव्हतं. तेच तेच पुन्हा का करायचं आणि थांबायचं कधी, यात माझा गोंधळ व्हायचा. काकांनी एक दिवस माझी वही ओढून घेतली, एक टाकी काढली, शेजारी पंप काढला. "बघ पोरी. लेव्हल बघितली. भरली नाय. पंप चालू ठेवला. परत बघितली. भरली नाय. चालू ठेवला. परत बघितली. भरली? बंद कर, घरी जा. आता मला सांग, बघायला विसरलीस तर काय व्हईल?" मी म्हणाले, "टाकी वाहील." "मग कॉम्प्युटर लटकला म्हंजे काय झाला?" मी म्हणाले, "टाकी वाहतेय." ते हसले. पुढे पंचवीस वर्षं मी या धंद्यात भाकरी खाल्ली. हाताखाली आलेल्या शेकडो मुलांना शिकवताना मी तीच टाकी काढली आहे.

त्यांची अजून एक सवय होती. प्रोग्रामच्या दर दहा ओळींमागे ते मराठीत एक ओळ लिहायचे. इंग्रजी अक्षरांत, पण मराठीत. इथे काय केलं आहे, का केलं आहे, काय हलवायचं नाही. आम्ही चिडवायचो, कॉम्प्युटर ह्या ओळी वाचतसुद्धा नाही. ते म्हणायचे, "कॉम्प्युटरसाठी नाय लिवलं. पुढच्या शिफ्टच्या माणसासाठी लिवलं." प्लान्टमध्ये शिफ्ट संपली की वहीत सगळं उतरवून, पुढच्या ऑपरेटरला तोंडी सांगून मगच गेटबाहेर पडायचं, हे सतरा वर्षांचं वळण. त्यांच्या माघारी त्यांचा एक प्रोग्राम दुरुस्तीसाठी माझ्या हाती आला. साल दोन हजार लागायला दोन आठवडे होते. जुन्या प्रोग्रामांत वर्ष दोनच आकडी लिहिलेलं असायचं आणि ते बदलण्यासाठी सगळं जग धावत होतं. काकांनी वर्ष पहिल्यापासून चार आकडी ठेवलं होतं. शेजारी ओळ होती, 'जागा जास्त लागते, पण पुढच्याला त्रास नको.' मला दुरुस्त करायला काही उरलंच नव्हतं.

रक्त गोठून ती लोखंडी झडप अडकू नये म्हणून त्यांना रक्त पातळ ठेवायची गोळी रोज घ्यावी लागे. ते किती पातळ आहे ते दर महिन्याला मुंबईला जाऊन तपासावं लागे. आमच्याकडे तेव्हा ती तपासणी होत नव्हती. गोळीपायी ते ब्लेडने दाढी करत नसत. सुरीला हात लावत नसत. एकदा प्रिंटरचा कागद फाडताना त्यांच्या बोटाला कागदाची धार लागली. एवढीशी चीर, पण रक्त थांबेना. माझी ओढणी भिजली, टेबल भिजलं. मी रडायला लागले. काका हात डोक्याच्या वर धरून बसले आणि मलाच सूचना देऊ लागले. "दाबून धर. अजून. घड्याळ बघ, वीस मिनिटं सोडायचं नाय. आनि रडतेस कशाला? रक्त पातळ हाय, माणूस नाय." वीस मिनिटं मी त्यांचं बोट धरून उभी होते. त्या वीस मिनिटांत त्यांनी माझ्या घरचं सगळं विचारून घेतलं. वडील दोन वर्षांत रिटायर होणार, माझ्यामागे दोन बहिणी, मला नोकरी लागली नाही तर लग्न ठरणार. "मग अभ्यास कर," ते म्हणाले. "मी हाय ना."

काकू एकदाच पेणला आल्या. त्या रोह्यात अंगणवाडीत मदतनीस होत्या. मूलबाळ नव्हतं. उंच, काळ्यासावळ्या, बोलायला फटकळ. काका आत मशीनवर होते. काकूंनी सरांना खाली रस्त्यावरच्या दारातच गाठलं. मी जिन्यात वर, अंधारात उभी होते, त्यांना दिसत नव्हते.

"सर, खरा सांगा. ह्यांना नोकरी लागंल ना?"

सर म्हणाले, "काकू, डोकं फार चांगलं आहे त्यांचं."

"डोक्याचा नाय इचारत. सतरा वरसं कंपनीला दिली. आता ह्या डब्यापुढं बसलेत. जिना चढून येतात, मी घरी देवाजवळ बसते. लागंल का नोकरी, तेवढा सांगा. नाय लागनार तर आत्ताच नाय बोला."

सरांनी रस्त्याकडे नजर वळवली. मग म्हणाले, "लागायला पाहिजे."

काकूंनी पदराने तोंड पुसलं आणि आत न येताच त्या स्टँडकडे निघून गेल्या. काकांना त्या येऊन गेल्याचं मी सांगितलं नाही.

कोर्सच्या शेवटी दोघादोघांनी मिळून एक प्रोग्राम करायचा होता. काकांनी मला जोडीला घेतलं. विषय त्यांच्याकडे तयार होता. त्यांच्या ऑपरेशनला रक्ताच्या बाटल्या लागणार होत्या, तेव्हा खाडीकाठचं अर्धं गाव टेम्पोत बसून मुंबईला गेलं होतं. तिथे गेल्यावर कळलं, निम्म्यांचा रक्तगट जुळत नाही, काहींच्या अंगातच रक्त कमी. मिठागरावर पाय भाजलेली माणसं दिवसभर हॉस्पिटलच्या पायरीवर बसून हात हलवत परत आली. काकांना ते लागून राहिलं होतं. पेण आणि रोहा तालुक्यांतल्या रक्तदात्यांची यादी करायची, गाव, रक्तगट, मागच्या वेळी रक्त कधी दिलं ते सगळं भरायचं, आणि कुणाला गरज पडली की जवळच्या गावातला, ज्याचं रक्त चालेल असा माणूस कॉम्प्युटरने शोधून द्यायचा. माहिती काकांनी एस.टी.ने फिरून गोळा केली. आखणी त्यांचीच. मी टायपिंग केलं, स्क्रीन नीटनेटक्या केल्या, चार ठिकाणी इंग्रजी सुधारलं. प्रोग्राम पूर्ण झाला तेव्हा सरांनी स्वतःच्या मशीनवर तो ठेवून घेतला.

त्याच सुमारास वाशीच्या एका कंपनीची माणसं आमच्या क्लासमध्ये आली. त्या दोन हजार सालाच्या कामासाठी त्यांना माणसं हवी होती. प्रत्येक गावातल्या क्लासमधून एक असं ते घेत फिरत होते. लेखी परीक्षेत काका पहिले आले, मी दुसरी. आता फक्त मुलाखत उरली होती.

मुलाखतीआधी मी काकांना जिन्यात म्हणाले, "शर्टाची सगळी बटणं लावा. पंखा चालू आहे, आवाज ऐकू येणार नाही. ऑपरेशनचं काही सांगू नका."

ते म्हणाले, "बिघडलेल्या पंपावर आपण बोर्ड लावतो. माणसावर नको?"

"काका, तुम्ही पंप आहात का?"

"नाय. पन त्यांना भरवसा पायजे. उद्या तिथं पडलो तर त्यांनी कुनाला सांगायचा?"

सर म्हणाले, आधी मुलीला घ्या, तिला घरी जायचंय. मी आत गेले. दोन साहेब होते. त्यातल्या चष्मेवाल्या साहेबाने रक्तदात्यांचा प्रोग्राम उघडून पाहिला. त्याला तो आवडला होता, हे दिसत होतं. त्याने विचारलं, "यावर दोन नावं आहेत. हे मुळात कुणाचं काम?"

मी म्हणाले, "माझं. काकांनी माहिती भरायला मदत केली."

"कल्पना कशी सुचली?"

"आमच्या नात्यातल्या एकांचं ऑपरेशन होतं. तेव्हा रक्तासाठी फार धावपळ झाली होती."

हे बोलताना माझा आवाज हललासुद्धा नाही. वडील, बहिणी, लग्न, सगळं माझ्या डोक्यात होतं. काका ऑपरेशनचं खरं सांगणार आणि त्यांना घेणार नाहीत, हेही मला ठाऊक होतं. म्हणजे खोटं बोलले नसते तरी जागा बहुधा मलाच मिळाली असती. तो 'बहुधा' मला पुरला नाही. आणि काकूंनी दारात सरांना काय विचारलं होतं, ते मी माझ्या कानांनी ऐकलेलं होतं.

मी बाहेर आले. काका बाकावर बसले होते. "अवघड होता का?" त्यांनी विचारलं. मी मान हलवली. ते आत गेले आणि दहा मिनिटांत परत आले. थोड्या वेळाने सरांनी माझं नाव सांगितलं. सर माझ्याकडे न बघता बोलले, असं मला वाटलं. कदाचित ते माझ्या मनाचेच खेळ असतील.

काकांनी मला खाली नेलं आणि स्टँडजवळच्या गुऱ्हाळात उसाचा रस पाजला. प्रोग्रामबद्दल त्यांनी अवाक्षर काढलं नाही. मीही नाही. रस संपल्यावर ते म्हणाले, "चांगलं झालं. तिथं गेल्यावर आधी ऐकून घे. लगेच आपलं घोडं दामटू नको." रोह्याची गाडी लागली होती. खिडकीतून त्यांनी हात केला. मी पुष्कळ वेळ तिथेच उभी राहिले.

वाशीला मी मावशीकडे राहून नोकरी केली. काम जमलं. पगार घरी जाऊ लागला, माझं लग्न पुढे ढकललं गेलं. काकांची दोन पत्रं आली, आंतर्देशीय, दोन्ही बाजू भरलेली. पहिल्याला मी उत्तर लिहिलं. दुसऱ्याला लिहायला बसले आणि काही सुचलं नाही. सरांकडून मात्र त्यांचं कळत राहायचं. धाटावच्या एका लहान कारखान्यात कुठला पंप कधी उघडायचा, कुठला व्हॉल्व्ह कधी बदलायचा, याचा हिशोब वह्यांमध्ये चालायचा आणि चुकायचा. काकांनी त्यांना प्रोग्राम लिहून दिला. असं काम त्या भागात कुणालाच जमण्यासारखं नव्हतं. प्रोग्राम लिहिणाऱ्यांना पंप माहीत नाही, आणि पंपवाल्यांना प्रोग्राम. पहिल्या कारखान्याने दुसऱ्याला सांगितलं. काकांना घरी बसून काम मिळू लागलं.

गणपतीच्या सुट्टीत मी पेणला आले होते. मनाचा हिय्या करून रोह्याची गाडी पकडली. ठरवलं होतं, सगळं सांगून टाकायचं. खोलीच्या दारावर पत्र्याची पाटी होती, रंगाऱ्याकडून करून घेतलेली. काकांचं नाव, खाली 'सॉफ्टवेअर इंजिनिअर'. मी पाटीकडे बघतेय हे पाहून काका लाजले. "हिनं केलंय. मी बोललो, आयटीआयवाल्याला इंजिनिअर बोलत नाय. ऐकंल तर शप्पथ." आतून काकू म्हणाल्या, "काम इंजिनिअरचा करता, मग पाटी कुनाची लावू?"

काकूंनी माझ्यापुढे चहा ठेवला, पण माझ्याशी त्या काही बोलल्या नाहीत. टेबलावर जुनी साडी पांघरलेला कॉम्प्युटर होता. काकांनी साडी बाजूला केली आणि मला एकेक गोष्ट दाखवू लागले. चेहऱ्यावर आनंद होता, पण माणूस वाळला होता. कोपरावर निळाकाळा डाग होता. मी विचारलं, तर म्हणाले, कुठंतरी आपटला असेल. बोलता बोलता कळलं, दोन महिने ते मुंबईला तपासणीला गेलेच नव्हते. तीन कारखान्यांची कामं एकदम आली होती. "दिवाळीपर्यंत देऊन टाकतो. मग जातो निवांत."

तेव्हा काकू पहिल्यांदा माझ्याकडे वळल्या. "तू सांग गो ह्यांना. माझा ऐकत नाय. तुझा ऐकतील."

मी म्हणाले, "काका, जाऊन या हो." एकदाच म्हणाले, आणि तेही चहाचा कप उचलता उचलता. मग धीर करून म्हणाले, "काका, त्या मुलाखतीच्या दिवशी..." त्यांनी लगेच स्क्रीनकडे बोट केलं. "ह्ये बघ, इकडं बघ. ह्यो रिपोर्ट बघितलास?" मी रिपोर्ट बघितला. खरं सांगायचं तर मला सुटल्यासारखं झालं. पुढच्या वेळी सांगू, असं म्हणत मी परतीची गाडी धरली.

दिवाळी झाली आणि पंधराएक दिवसांनी सरांचा माझ्या ऑफिसात फोन आला. रक्ताची गाठ झडपेवरून सुटून मेंदूत गेली होती. सकाळी चहा पिताना कप हातातून पडला, बोलणं गेलं. मुंबईला नेलं, तीन दिवस होते. एकेचाळिसावं वर्ष चालू होतं. मी निघेपर्यंत खाडीकाठी सगळं उरकलं होतं.

तेराव्याला मी त्यांच्या गावी गेले. अंगणात माणसं जेवत होती. काकू मागच्या पडवीत एकट्या बसल्या होत्या. मी त्यांच्यासमोर बसले आणि सगळं सांगितलं. दारातलं त्यांचं बोलणं ऐकलं होतं इथपासून. कुठे थांबायचं ते कळेना, म्हणून बोलत राहिले.

काकू जमिनीकडे बघत होत्या. म्हणाल्या, "मला ठाव हाय. त्याच दिवशी घरी येऊन सांगितलंन त्यांनी."

"काकांना कसं कळलं?"

"त्या साहेबानं इचारला. पोरगी सांगते, तुम्ही निस्ती माहिती भरलीत, खरा काय? हे बोलले, व्हय. गावांची नावा मी भरली, बाकी सगळा तिचा." काकूंचा आवाज चढला नाही. "मी चार दिवस बोलले नाय त्यांच्याशी. तुमच्या छातीचा दुखणा, आनि नाव तिचा? तर बोलले, घाबरली व्हती गो पोर. मला तसा पन घेत नव्हते, छातीतला सांगितल्यावर. मग तिला खोटी कशाला पाडू?"

मला रडू फुटलं. त्या थोपटायला पुढे आल्या नाहीत. माझं रडणं थांबेपर्यंत बसून राहिल्या, मग म्हणाल्या, "त्यांनी सोडून दिला. माझ्यानं नाय होत अजून. खोटा कशाला बोलू तुझ्याशी." आणि उठता उठता म्हणाल्या, "जेवून जा. गाडीला वेळ हाय."

सरांच्या मशीनवर तो रक्तदात्यांचा प्रोग्राम बरीच वर्षं चालला. पुढच्याच खेपेला पेणला जाऊन मी त्यावरचं माझं नाव काढून टाकलं. सरांनी बाजूला सरकून मला खुर्ची दिली. हे करायला फार उशीर झाला होता, आणि ज्या साहेबांना मी ते खोटं सांगितलं होतं त्यांना ते कधी कळणारही नव्हतं. तरी केलं. आता माझ्याकडे कुणी काम घेऊन आलं की मी आधी विचारते, यात कुणाकुणाचा हात आहे. मुलं म्हणतात, मॅडमना नावांचं वेड आहे.

वर्षातून एकदा मी रोह्याला जाते. काकू अंगणवाडीतून कधीच निवृत्त झाल्या, गुडघे दुखतात, पण चहा स्वतःच करतात. सुरुवातीची काही वर्षं आम्ही दोघी कप संपेपर्यंत नुसत्या बसायचो. मग हळूहळू त्या गावच्या गोष्टी सांगू लागल्या, काकांच्या लहानपणच्या, मिठागरावरच्या. मागच्या वेळी त्यांनी माझ्या हातात वालाच्या डाळीची पिशवी दिली आणि म्हणाल्या, "पुढच्या खेपेला मुक्कामाला ये गो. सारखी गाडीची घाई तुला." माफ केलं, असं त्या म्हणालेल्या नाहीत. मी विचारलेलंही नाही.